झडतीतले अध्यक्ष

वाघाडे लेआउट, हिंगणघाट
४ ऑगस्ट २०२५

दादा,

तुले फोन लावला तर तू आपल्याच मनानं 'हॅलो हॅलो' करतो, 'वांगी बरी आहेत' म्हणतो अन् ठेवून देतो. कानात मशीन घालायची म्हटलं तर तुले लाज वाटते. म्हणून हा कागद. अंकुश सोमवारी-गुरुवारी तुझी वांगी घेऊन इकडं येतेच, त्याच्या रिकाम्या पोत्यात चिठ्ठी टाकून देते. डाकेच्या आधी पोचते.

आता आमच्या लेआउटची खबर. रहिवासी मंडळाची सभा झाली, हनुमानाच्या मंदिरापुढच्या शेडमधी. विषय तीन : नाली, मोकाट कुत्रे अन् तान्हा पोळा. नालीवर दीड तास भांडण झालं, कुत्र्यांवर पाऊण तास. तान्ह्या पोळ्याची पाळी आली तवा सारे घड्याळ पाहू लागले. 'जबाबदारी कोण घेते?' म्हणताच साऱ्यांनी माना खाली घातल्या. मी एकटीच वर पाहून राह्यली होती, मग पडली माझ्याच गळ्यात. खरं सांगू? मले हवीच होती.

पुण्याकडची एक नवी सून आली आहे, ती विचारे, 'काकू, झडती म्हणजे काय?' म्हटलं, बाई, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी सजवून आणतात, तोरणाखाली उभी राह्यतात अन् गावाची खबरबात यमकात जोडून ओरडतात, ती झडती. म्हटलं, माझा भाऊ अल्लीपूरचा झडतीवाला आहे, पंचक्रोशीत त्याच्यासारखा नाई. फुशारकी मारली थोडी.

तर काम असं आहे. लेआउटच्या मागं भिंत, भिंतीपल्याड गिरणीची लाईन, मजुरांच्या खोल्यांची. भिंतीत एक लहानसं फाटक आहे. दरसाली लाईनीतली लेकरं त्याच फाटकातून नंदी घेऊन आमच्या मैदानात येत. यंदा आमच्या अध्यक्षांनी, प्रभाकररावांनी, त्या फाटकाले चांगलं पितळी कुलूप आणलं, तेही स्वतःच्या पदरचं! चेंडूनं त्यांच्या गाडीचा आरसा फुटला होता ना, तवापासून लेकरांवर काय माया त्यांची! सकाळ-संध्याकाळ किल्ली घेऊन फाटकापाशी हजर, एक दिवस खाडा नाई. असा दिलदार माणूस साऱ्या हिंगणघाटात सापडायचा नाई बाप्पा!

माझ्याकडं धुरपताबाई स्वयंपाकाले येते, लाईनीतलीच आहे. तिची नात रोशनी आठ वर्षांची. तिनं नंदी रंगवून ठेवला आहे, एक शिंग निळं अन् एक पिवळं. मी तिले वचन देऊन बसली का तुले पहिल्या रांगेत उभी करीन. फाटकातून नाई आलं तर हायवेनं सव्वा किलोमीटर वळसा, अन् तिथं ट्रक कसे धावतात ते तुले माहीत आहे. धुरपता म्हणते, 'त्या रस्त्यानं मी लेकरू धाडणार नाई.' पोरगी मले रोज विचारते, 'आजी, मी येऊ ना?' अन् मी खाली पाहून भाजी निवडत बसते.

म्हणून दादा, प्रभाकररावांच्या या दिलदारीवर एक झडती लिहून दे. अशी बसव का साऱ्या लेआउटनं ऐकली पाह्यजे. गुरुवारी वाट पाहते.

तुझी
कोकिळा


अल्लीपूर
७ ऑगस्ट २०२५

कोकिळाबाईले आशीर्वाद.

चिठ्ठी भेटली. तू लिवतं चांगलं, पण लिवतं फार. दोन दिवस वाचून राह्यलो.

तुझे प्रभाकरराव मले फार आवडले. गाडीचा आरसा फुटला तरी लेकरांवर राग नाई. मोकळ्या फाटकातून ढोरं घुसत असतील म्हणून पदरचं कुलूप आणलं, अन् लेकरांले अडचण नको म्हणून दोन टाइम किल्ली घेऊन सोता उभे! असा माणूस आमच्या ग्रामपंचायतीत एकबी नाई. धुरपताबाईले सांगजो, असा अध्यक्ष असल्यावर हायवेचं भेव काऊन धरतं? तुबी उगीच भाजी निवडत बसू नको, पोरीले हो म्हणून टाक.

झडती बरेच सालांनी लिवली. पहिले वाटलं जमत नाई, मग वाफ्यात पाणी सोडता सोडता जमली :

वांग्याच्या वाफ्याले पाण्याचा पाट,
लाकडी नंदी पाहे फाटकाची वाट!
प्रभाकररावानं किल्ली फिरवली,
लाईनीची लेकरं मैदानात आली!
दार ज्यानं उघडलं त्याचा मोठा मान,
तोरणाखाली उभा करा, द्या त्याले पान!
हर बोला हर हर महादेव!

आता दुसरी गोष्ट. आपल्या आबाची रीत तुले आठवत असंल. ज्याचं नाव झडतीत घ्यायचं त्याच्या दारात आधी वानोळा गेला पाह्यजे, अन् झडती त्याले आधी कळली पाह्यजे. पाठीमागं नाव घेणं आपल्या घरी नाई. म्हणून पाच किलो वांगी अन् झडतीची एक नक्कल वेगळ्या थैलीत बांधून अंकुशपाशी दिली. त्याले बजावून सांगितलं, पहिले अध्यक्षांच्या घरी जाजो, मग माझ्या बहिणीकडं.

तुझ्या थैलीत सांबाराच्या दोन हिरव्या जुड्या जास्तीच्या घातल्या आहेत.

रूपराव


हिंगणघाट
११ ऑगस्ट २०२५

दादा, दादा, दादा!

काय करून ठेवलं तू हे! अरे, मी टोमणा मारला होता! लहानपणापासून तुझ्यासंग राह्यली, माझा टोमणा तुले समजू नये? कुलूप लेकरांसाठी नाई लावलं बाबा, लेकरांवर लावलं! लाईनीतली पोरं इकडं येऊच नये म्हणून. दोन टाइम फाटकापाशी जाते तो माणूस, ते उघडायले नाई, कुलूप हलवून पाह्यते, नीट लागलं का नाई! सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, चौतीस वर्षं लोकायचे अर्ज परत केले, तोच हात अजून चालून राह्यला. एक नंबरचा खडूस. साऱ्या लेआउटमधी त्याले कुलूपराव म्हणतात. नाव मीच ठेवलं आहे.

मले वाटलं होतं तू अशी झणझणीत झडती देशील का लेकरं मैदानात ओरडतील अन् लाजेकाजेनं तरी तो फाटक उघडंल. अन् तू त्याले पान देऊन राह्यला!

वाटलं, निदान थैली तरी अडवू. तर अंकुश महाराज तुझ्याहून आज्ञाधारक. पहिले तिकडंच गेला.

आता ऐक काय झालं. मी रोज सकाळी मंडळाच्या फळ्यावर बातम्या लिहिते, अन् प्रभाकरराव रोज सव्वासातले येऊन माझ्या चुका काढतात, 'कोकिळाबाई, पाणीपुरवठ्यापुढे पूर्णविराम राहिला.' चार दिवस झाले, माणूस फळ्यापाशी आला नाई. शुक्रवारी मी मुद्दाम दोन चुका ठेवल्या, तरी आला नाई. भावनावहिनीले, म्हणजे त्यांच्या घरच्यांले, विचारलं तर म्हणे, 'वांग्याचं भरीत खाल्लं, अन् तवापासून तो कागद घेऊन खोलीत बसून आहेत.' त्यांले वाटलं असंल, कोकिळाबाईनं भावाकडून आपली टिंगल करवली. मी त्यांले ओळखते. ते आता पोळाच रद्द करतील, वर नियम दाखवतील.

अन् मी तुझं ऐकून रोशनीले 'हो' म्हणून बसली नाई, एवढीच माझी अक्कल. पण पोरीनं काल नंदीच्या गळ्यात घुंगरू बांधलं रे. मले तिच्याकडं पाह्यवत नाई.

तुझ्यावर चिडलेली
कोकिळा


अल्लीपूर
१४ ऑगस्ट २०२५

कोकिळाबाई,

तू 'दिलदार' लिवलं, मी दिलदार वाचलं. कागदावर तू तोंड वाकडं केलं का सरळ, मले कसं दिसंल? समोर असतीस तर समजलं असतं. माझे कान गेले तवापासून मी माणसाच्या तोंडाकडं पाहूनच समजतो. चिठ्ठीले तोंड नाई.

तरी चूक माझी. पोरीचं वाचून वाईट वाटलं. म्हणशील तर मी येतो अन् अध्यक्षांची माफी मागतो. पण झडती मी परत घेत नाई, ती चांगली जमली आहे.

सुरभी म्हणते, मामाजी, आत्याबाईले टमाटर धाडा, राग शांत होईन. सूनबाईच्या सांगण्यावरून दोन किलो धाडले. आंबट आहेत.

रूपराव


हिंगणघाट
१८ ऑगस्ट २०२५

दादा,

बसून वाच. उभ्यानं वाचशील तर पडशील.

पंधरा ऑगस्टले मैदानात झेंडावंदन झालं. अध्यक्षांचं भाषण दरसाली चाळीस मिनिटांचं असते, म्हणून आम्ही बाया झाडाखाली जागा धरून ठेवतो. यंदा प्रभाकरराव माइकपुढं आले, खिशातून एक कागद काढला. प्लास्टिकचं कव्हर घातलेला कागद! म्हटलं, आता माझं नाव निघते.

अन् त्यांनी तुझी झडती वाचली. पूर्ण! 'प्रभाकररावानं किल्ली फिरवली' इथं थांबले, पाणी प्याले, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, 'अल्लीपूरच्या एका अपरिचित शेतकरी कवीने माझ्याविषयी हे लिहिले. तान्ह्या पोळ्याला फाटक उघडे राहील. सभा संपली.' दोन मिनिटं! लोक टाळ्या वाजवायचेच विसरले.

आता समजलं. माणूस रागावून नव्हता बसला, हरखून बसला होता! भावनावहिनी म्हणते, चार गावच्या पाव्हण्यांले फोन करून झडती ऐकवली, तिच्या माहेरीसुद्धा. तेल घालून कुलूप मऊ करून ठेवलं आहे.

मी धावत घरी येऊन रोशनीले 'हो' सांगितलं. पोरीनं मले एवढी घट्ट मिठी मारली का पदराले निळा रंग लागला. पहिल्या रांगेत, म्हटलं, मधोमध. लाईनीतली बावीस लेकरं तयारीले लागली आहेत.

आता कामाचं. प्रभाकरराव आज तुले भेटायले येऊन राह्यले. अंकुशच्याच गाडीत, पुढं बसून, नारळ घेऊन. मी लाख म्हटलं, दादाले ऐकू येत नाई, कशाले त्रास. म्हणे, 'कवीचे आभार समक्ष मानले पाहिजेत.' ही चिठ्ठी त्याच गाडीत मागच्या पोत्यात आहे. त्यांच्या आधी तुझ्या हाती पडावी एवढीच प्रार्थना.

खबरदार दादा! मी त्यांले खडूस म्हटलं, कुलूपराव नाव ठेवलं, टोमणा मारला होता, यातलं एक अक्षर तोंडातून काढू नको. त्यांले समजलं का तो मान खरा नव्हता, तर हा हेडक्लार्क फाटकाले दोन कुलुपं लावंल. नुसता हासजो, मान हलवजो, वांगी खाऊ घालजो अन् परत धाडजो. चिठ्ठी वाचून चुलीत टाकजो.

कोकिळा


अल्लीपूर
२१ ऑगस्ट २०२५

कोकिळाबाई,

मोठी गडबड झाली. कसं सांगू, समजत नाई.

अध्यक्ष आले. सरळ माणूस वाटला. मले नारळ दिला, पाया पडू लागला, मी धरलं. खाटेवर बसवलं. सुरभीनं भरीत-भाकर दिली. तेवढ्यात अंकुशनं पोत्यातून तुझी चिठ्ठी काढून हातात दिली. मले वाटलं, बहिणीनं काही अर्जंट लिवलं असंल, पाव्हणा जेवते तोवर वाचून घेऊ.

तुले माहीत आहे मी कसा वाचतो. मले वाटते मी मनात वाचून राह्यलो. घरचे म्हणतात, आवाज रस्त्यापर्यंत जाते.

सगळी वाचली बाई. पहिल्या ओळीपासून. सुरभी सैपाकघराच्या दारातून हात हलवून राह्यली होती, मले वाटलं माशा हाकलून राह्यली. 'खडूस' वाचलं, 'कुलूपराव' वाचलं, 'चुलीत टाकजो' इथवर वाचलं अन् वर पाह्यलं, तर अध्यक्षांचा घास हातातच होता.

त्यांनी हात पुढं केला. मी चिठ्ठी दिली. मग बोटानं खूण केली, आधीच्या? त्याही दिल्या, पहिल्यापासूनच्या. नाई कसं म्हणू? त्यांच्याबद्दलच होत्या. सगळ्या वाचल्या, चष्मा पुसून वाचल्या. मग उठून वांग्याच्या वाफ्याकडं गेले अन् लय वेळ तिथंच उभे राह्यले. परत आले, माझ्याजवळ बसले, काही बोलले. तोंड खाली होतं, मले काही समजलं नाई. मी म्हटलं, मोठ्यानं बोला. तर नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् गाडीत जाऊन बसले. ताटातली भाकर अर्धी राह्यली.

परवा तान्हा पोळा. तू पोरीले काय सांगायचं ते आजच सांगून ठेव. मले माफ कर. सत्तर सालाचा झालो, पण अक्कल वाफ्यातच राह्यली.

रूपराव


हिंगणघाट
२५ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझी चिठ्ठी वाचून मी गुरुवारी जेवली नाई. शुक्रवारी मोठा पोळा, पुरणपोळीचा घास उतरला नाई. प्रभाकररावांच्या घरी जाऊन माफी मागावी म्हणून तीनदा निघाली अन् तीनदा त्यांच्या गेटपासून परत आली. रोशनीले सांगायची तर हिंमतच झाली नाई.

शनिवारी चार वाजता मैदान भरलं. आंब्याच्या पानाचं तोरण मी अन् भावनावहिनीनं बांधलं, ती बाई माझ्याशी एक शब्द बोलली नाई. आमच्या लेआउटची लेकरं नंदी घेऊन रांगेत. अन् भिंतीपल्याड लाईनीची बावीस लेकरं, फाटकाच्या गजांतून आत पाहून राह्यलेली. मधोमध रोशनी. नंदीचं तोंड तिनं गजांतून आत घातलं होतं, तेवढाच आला होता तो. मले रडू कोसळलं, सांगून ठेवते.

प्रभाकरराव आले. पांढरा सदरा, टोपी, हातात किल्ली अन् तो प्लास्टिकचा कागद. माझ्याकडं पाह्यलं नाई. सरळ माइकपुढं गेले. म्हणाले, 'मंडळी, पंधरा ऑगस्टला मी एक झडती वाचली. ती खोटी आहे. मी हे फाटक उघडले नव्हते. बंद केले होते. कवीचा गैरसमज झाला, आणि मी तो खरा धरून मिरवला. ज्या गोष्टी मी केल्या नाहीत त्यांचा मान मला घेता येत नाही.'

मी डोळे मिटले. म्हटलं, झालं.

तर माणूस माइक सोडून भिंतीकडं चालू लागला. मागं सारं लेआउट. कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली. दुसऱ्यांदा रोशनीनं गजांतून हात घालून उचलून दिली. कुलूप निघालं, फाटक करकरलं, अन् बावीस लेकरं बावीस नंदी घेऊन आत! काय धावली दादा! एकाच्या नंदीचं चाकच निघून गेलं, त्यानं काखेत मारला अन् पळाला.

मग प्रभाकरराव तोरणाखाली जाऊन उभे राह्यले, घामाघूम. माइक घेतला अन् म्हणाले, 'आता खरी झाली. आता म्हणा.'

अन् पहिल्या रांगेत मधोमध उभ्या रोशनीनं तुझी झडती अशी खणखणीत ओरडली का तुझ्या कानालेबी ऐकू गेली असती! इकडची तिकडची सारी लेकरं एका आवाजात. 'द्या त्याले पान' म्हटल्यावर मीच पान घेऊन पुढं गेली. म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी पान घेतलं अन् म्हणाले, 'कोकिळाबाई, तो विषय पुढच्या सभेत घेऊ. नालीनंतर.' अन् हासले. पाच सालात पहिल्यांदा त्यांचे दात पाह्यले.

आज सकाळी सव्वासातले फळ्यापाशी हजर. तीन चुका काढल्या. इतकं बरं वाटलं मले!

तुझी
कोकिळा

ता. क. मशीन कानात घाल. तुले सारं लेआउट बोलावून राह्यलं.


वाघाडे लेआउट रहिवासी मंडळ, हिंगणघाट
दिनांक : २८ ऑगस्ट २०२५

प्रति,
श्री. रूपराव, अल्लीपूर

विषय : झडतीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आपली झडती दि. २३ रोजी सायंकाळी सव्वापाच वाजता खरी करण्यात आली आहे. मागील फाटक यापुढे वर्षभर उघडे राहील. तसा ठराव सभेत मांडणार असून त्यास सौ. कोकिळाबाई अनुमोदन देतील, असे त्यांनी तोंडी कबूल केले आहे.

आपल्या बहिणीची पत्रे मी आपल्या घरी वाचली, याबद्दल दिलगीर आहे. त्यांतील माझ्याविषयीचा मजकूर तपासून पाहिला. तो बरोबर आहे.

आता कार्यालयीन भाग संपला.

रूपरावजी, त्या दिवशी आपल्या खाटेवर बसून मी जे बोललो ते आपल्याला ऐकू आले नाही. आपण मोठ्याने बोला म्हणालात, पण सूनबाई दारात होत्या, मला लाज वाटली. म्हणून लिहून कळवतो.

मी म्हणालो होतो : जन्मात माझ्या नावाने कोणी एक चांगली ओळ म्हटली नाही. आपण म्हटली, तीही चुकून. पण मला ती परत करवत नाही. ठेवून घ्यायची असेल तर काय करावे लागेल?

आपला,
प्रभाकर